गणवेशाचं माप घेतो, मग हेल्मेट घेताना डोक्याचं का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात गेली २८ वर्षं कटिंग मास्टर आहे, शाळेचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवायचं आमचं काम, म्हणजे दिवसभर हातात टेप आणि कात्री, दुसरं काही नाही. तुमच्या पेपरात हेल्मेटच्या कारवाईच्या बातम्या येतात, किती जणांना दंड झाला त्याचे आकडे येतात, त्या मी वाचतो आणि कारवाई व्हायलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण डोक्यावर हेल्मेट आहे का एवढंच सगळे बघतात, ते डोक्याला बसतंय का हे कुणीच बघत नाही, पोलीसपण नाही आणि दुकानदारपण नाही, आणि खरं सांगायचं तर मीपण कधी बघितलं नव्हतं. माप घेणं हाच ज्याचा धंदा त्या माणसानं स्वतःच्या घरात हे बघितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मागच्या डिसेंबरात एका मंगळवारी मी आणि माझा पुतण्या पहाटे पाचला तुळजापूरला निघालो. गाडी मी चालवत होतो, तो मागं बसलेला. थंडी चांगलीच होती, दोघांनीही पूर्ण तोंड झाकणारी हेल्मेट घातलेली, मी काच खाली करून घेतली होती आणि नाकावर मफलर. तुळजापूर नाक्याच्या पुढं गेलो तसं काचेवर खालून वाफ धरायला लागली. श्वास सोडला की धरायची, थोडी जायची, परत धरायची. तळे हिप्परग्याच्या तलावाजवळ आलो तेव्हा गारठा अजून वाढला आणि काच जी धरली ती जाईनाच. मी ग्लोव्हज घातलेला हात खालून आत घालून पुसायला गेलो तर सगळं फरफटलं, पांढरे पट्टे ओढले गेले, आणि तेवढ्यात समोरून एका ट्रकचा लाईट आला. साहेब, त्या क्षणी माझ्यासमोर फक्त एक पांढरा पडदा होता, रस्ता नाही, कडेची पांढरी पट्टी नाही, काहीच नाही. मी घाबरून काच वर केली आणि बघतो तर पुढं ऊसाची ट्रॉली, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊसाचे शेंडे तोंडासमोर लोंबतायत. ब्रेक दाबून डावीकडं घेतली, गाडी साईडच्या खडीवर गेली आणि आम्ही दोघं पडलो.

मला गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. पुतण्या उठून बसला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. भुवईच्या वर फाटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं. हेल्मेट दहा-बारा फुटांवर खड्ड्यात पडलं होतं, ट्रॉलीच्या ड्रायव्हरनं थांबून ते उचलून आणलं, पाणी दिलं, स्वतःचा गमछा दिला बांधायला. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. ते हेल्मेट मी हातात घेतलं आणि बघितलं तर त्याचा पट्टा लागलेला होता. क्लिप तशीच बंद. म्हणजे पोरानं पट्टा लावला नाही असं नव्हतं, लावलेल्या पट्ट्यासकट हेल्मेट डोक्यावरून निसटून गेलं होतं.

सात टाके पडले. पोरगा बरा आहे, डोळा वाचला, आई भवानीची कृपा.

दोन दिवसांनी संध्याकाळी दुकान बंद करताना माझ्या मनात आलं आणि मी त्याला टेबलाजवळ उभं करून डोक्याला टेप लावला. ५६ सेंटीमीटर आणि वर दोन दोरे, म्हणजे अगदी किंचित जास्त. मग हेल्मेटच्या आतलं अस्तर उलटं करून लेबल बघितलं, त्यावर ६० लिहिलेलं. चार सेंटीमीटरचा फरक! शर्टाच्या कॉलरमध्ये मी अर्ध्या इंचाची चूक केली तर गिऱ्हाईक तोंडावर शर्ट टाकून जातं, आणि इथं डोक्याला चार सेंटीमीटर ढगळ वस्तू आम्ही दीड वर्ष घालत होतो. ते घेतलं कसं ते पण सांगतो. आम्ही दोघं दुकानात गेलो, त्यानं रंग बघितला, गाडी काळी-लाल म्हणून हेल्मेट काळं-लाल, दुकानदारानं डोक्यावर ठेवलं, "बसतंय की, एकदम मोकळं आहे, गरम होणार नाही," म्हणाला, आम्ही पैसे दिले आणि आलो. मोकळं आहे ही हेल्मेटची तारीफ होऊच शकत नाही हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर मी या विषयात जेवढं वाचता, विचारता आणि स्वतः हाताळून बघता आलं तेवढं बघितलं, दोन जुनी हेल्मेट फोडून आतून कशी असतात तेपण बघितलं. वरचं कवच टणक असतं, प्लास्टिकचं नाहीतर फायबरचं, ते मार एका जागी न ठेवता पसरवतं आणि घासण्यापासून वाचवतं. पण खरं काम आतल्या जाड थर्माकोलचं आहे. आदळलं की तो थर्माकोल चेपतो आणि चेपता चेपता धक्का स्वतःत घेतो, डोकं एकदम थांबायच्या ऐवजी थोडं हळू थांबतं, त्या थोड्यातच मेंदू वाचतो. आता डोकं आणि थर्माकोल यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर हेल्मेट जमिनीला लागून थांबतं आणि डोकं आत वेगानं जाऊन त्याच्यावर आपटतं, नाहीतर आमच्यासारखं हेल्मेट आधीच उडून जातं. आणि एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. बाहेरून नुसता ओरखडा दिसला तरी जोरात आपटलेलं हेल्मेट बाद करायचं, ते धाकट्या भावाला द्यायचं नाही आणि जुन्या बाजारात विकायचं तर अजिबात नाही.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो, हे माझं क्षेत्र आहे म्हणून सविस्तर. भुवयांच्या वर दोन बोटं, दोन्ही कानांच्या वरून, मागं डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो त्याच्यावरून टेप फिरवायचा. टेप तिरपा होऊ द्यायचा नाही, आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. तीन वेळा घ्यायचं, तिन्हीत जे मोठं येईल ते धरायचं. आणि एक गोष्ट, घरातला जुना कापडी टेप वापरू नका, वर्षानुवर्षं ओढून ओढून तो वाढलेला असतो, माझ्या दुकानातले जुने टेप पट्टीवर ठेवले तर चांगला फरक दिसतो. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. बायकांनी जशी वेणी किंवा केस रोज गाडीवर बांधता तशी बांधून माप घ्या, अंबाडा वर बांधला तर हेल्मेट त्याच्यावर टेकून उभं राहतं, खाली बसतच नाही, म्हणून केस मानेजवळ खाली बांधायचे.

हेल्मेटवर एम, एल, एक्सएल लिहिलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नका, जसा एका कंपनीचा ४० नंबर शर्ट दुसऱ्या कंपनीच्या ४२ सारखा बसतो तसंच इथं आहे. आपल्याकडं साधारण एम म्हणजे ५८ आणि एल म्हणजे ६० सेंटीमीटर चालतं, काही लेबलवर ते ५८०, ६०० असं मिलीमीटरमध्ये असतं. तो आकडा बघा. आपलं माप दोन्हीच्या मध्ये आलं तर आधी लहान घालून बघा. आमच्याकडं कोरं कापड धुतलं की आटतं म्हणून आम्ही दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, जास्त ठेवतो, हेल्मेटचं बरोबर उलटं आहे, आतला स्पंज महिन्या-दोन महिन्यात बसतो आणि हेल्मेट सैल होतं. म्हणून नवीन घेताना गालाला चांगलं घट्ट लागलं पाहिजे, इतकं की बोलताना गालाची आतली बाजू दाताला लागल्यासारखी वाटावी. पहिल्या दिवशीच आरामात बसलं तर ते तीन महिन्यांनी डोक्यावर फिरणार हे नक्की समजा.

पण नुसत्या टेपवरपण भागत नाही, हे आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल. दोन माणसांची छाती ४० च असते पण एकाची पाठ रुंद आणि दुसऱ्याचं पोट पुढं, एकच शर्ट दोघांना बसत नाही. डोक्याचं तसंच. कुणाचं गोल असतं, कुणाचं मागं-पुढं लांबट. टेप दोघांना ५८ च सांगतो. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळ ठणकतं आणि कानशिलाजवळ फट राहते, गोल डोक्यावर लांबट घातलं तर दोन्ही कानशिलं आवळतात आणि पुढं-मागं मोकळं. मग माणूस म्हणतो हेल्मेटनं माझं डोकं दुखतं आणि घालायचं सोडून देतो, खरं तर त्याच्या डोक्याचा आकार वेगळा आहे, दुसऱ्या कंपनीचं नाहीतर दुसरं मॉडेल घातलं तर दुखणार नाही.

म्हणून ट्रायल घ्यायची. दुकानात दोन्ही पट्टे धरून थोडे फाकवून घाला. पट्टा लावा. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं फिरवा, गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, कातडी जागेवर आणि हेल्मेट नुसतंच फिरतंय तर ते ढगळ आहे. कपाळ आणि अस्तराच्या मध्ये बोट सहज शिरता कामा नये. शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, हीच आम्ही केली असती तर ते टाके पडले नसते: पट्टा लावलेला ठेवून मान थोडी खाली घाला आणि बरोबरच्या माणसाला सांगा मागच्या काठाला बोटं अडकवून वर आणि पुढं ओढ. निघून आलं तर ते ठेवा परत, कितीही छान रंग असू द्या. पुतण्याचं ते हेल्मेट मी नंतर त्याच्या डोक्यावर घालून, पट्टा लावून असं ओढलं, जोर लावायलासुद्धा लागला नाही, चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तसं हातात आलं.

हे सगळं पास झालं तरी ते तसंच पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या, एवढे पैसे मोजताय. काढल्यावर आरशात कपाळ बघा, सगळीकडं सारखा लालसरपणा असेल तर चालतंय, एकाच जागी लाल ठिपका आणि तिथं दुखतंय तर आकार चुकला. पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल असावा. आपल्याकडं घेतल्यापासून पट्टा शेवटच्या टोकाला सोडलेला असतो आणि क्लिप लावली की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण तो पट्टा छातीवर माळेसारखा लोंबत असेल तर त्याचा काय उपयोग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येसुद्धा हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला पक्कं बांधलेलं असावं असंच धरलंय, नुसतं डोक्यावर ठेवणं कायद्यालाही मान्य नाही. कलम १९४ डी प्रमाणे दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि १ जून २०२१ पासून देशात आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायलाच बंदी आहे, त्याचा नंबर आयएस ४१५१. तरी रस्त्याच्या कडेला दोनशे-अडीचशेला अर्ध्या टोपीसारखं काहीतरी मिळतंय, त्यात थर्माकोलचा पत्ता नसतो, नुसता पातळ स्पंज, आणि लोक घेतात कारण दंड वाचतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतंय.

आता काचेचं. मी हे मुद्दाम लिहितोय कारण माझा अपघात काचेनं झाला, ढगळ हेल्मेटचा भाग नंतरचा. आणि सोलापुरात लोक हेल्मेट का काढून कोपरात अडकवतात असं विचारलं तर उन्हाळ्यात सांगतात गरम होतंय, बाकी वेळी सांगतात काही दिसत नाही. दोन्ही खरं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर जातो तेव्हा डोकं भिजून निघतं हे मला मान्य आहे, त्याला वरच्या हवेच्या खिडक्या उघड्या ठेवणं आणि आत पातळ सुती टोपी घालणं हाच त्यातल्या त्यात उपाय. पण काही दिसत नाही याला मात्र खूप उपाय आहेत आणि ते कुणी सांगत नाही.

आमच्या दुकानात वाफेची इस्त्री आहे. थंडीच्या दिवसात सकाळी पहिली इस्त्री मारली की माझा चष्मा पांढरा होतो, दुपारी तीच इस्त्री मारतो तेव्हा होत नाही. कारण सकाळी काच गार असते. हेल्मेटमध्ये तेच होतं, आपला श्वास गरम आणि ओला, बाहेरच्या वाऱ्यानं काच गार, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं काचेला आतून बारीक बारीक थेंब धरतात आणि त्या थेंबांवर समोरचा लाईट पडला की सगळं पांढरं. सप्टेंबरच्या पावसात तर थंडी नसतानाही धरतं, हवा आधीच ओली, त्यात पाणी आत येऊ नये म्हणून आपण सगळं बंद करून बसतो.

म्हणजे तीन गोष्टी बघायच्या, श्वास काचेकडं जातोय का, हवा आत खेळतीय का, आणि काचेला थेंब धरायला जागा मिळतीय का.

श्वासाचं आधी. पुष्कळ हेल्मेटमध्ये नाकापुढं एक रबराचा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा येतो, श्वास खाली ढकलायला. तो निघतो म्हणून लोक काढून टाकतात किंवा दुकानातच राहतो. तो लावा. नाकानं श्वास घ्या. आणि आमच्या ताई-वहिन्यांना एक कळकळीची विनंती, ऊन आणि धुळीसाठी स्टोल घट्ट बांधता ते बरोबर आहे, आपल्या सोलापूरच्या धुळीत बांधावाच लागतो, पण नाकावरून स्टोल घेतला की श्वास खाली न जाता वरच्या फटीतून सरळ डोळ्याकडं आणि काचेकडं जातो. माझा मफलर त्या दिवशी हेच करत होता. जाड स्टोलच्या दोन घड्या डोक्यावर घेऊन वर हेल्मेट घातलं तर फिटिंगपण बिघडतं, पुढं स्टोल काढला की तेच हेल्मेट सैल. माझ्या मुलीला मी पातळ सुती, डोकं-मान झाकणारी टोपी शिवून दिली, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली म्हणजे कपाळाला रुतत नाही, नाक उघडं, त्याच्यावर हेल्मेट छान बसतं. कुणीही टेलर शिवून देईल, पाव मीटर होजिअरी कापड लागतं.

हवेचं असं की हनुवटीजवळ एक छोटी खिडकी असते, थंडीत लोक बंद करतात, नेमकी तीच उघडी ठेवायची, तिथून आलेली हवा काचेच्या आतून वर जाते आणि वाफ घेऊन जाते. डोक्यावरच्या आणि मागच्या पण उघड्या ठेवा. वर्षभराचं हेल्मेट असेल तर त्या खिडक्या जुन्या टूथब्रशनं साफ करा, माझ्या हेल्मेटमधून मी कापसाचा तूस आणि धूळ मिळून बोटभर गोळा काढला, कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्यांचं असंच होत असणार. हनुवटीखाली कापडी पडदा असेल तर वाफ धरताना तो काढून ठेवा. चौकात सिग्नलला थांबलं की काच अर्धी उघडा, कारण गाडी थांबली की हवा थांबते आणि श्वास तिथंच साचतो. चालतानाही एक खटका वर ठेवता येते, नुसती एक रेघ उघडी, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. चालत्या गाडीवर एकदम धरलंच तर माझ्यासारखं आत हात घालून पुसू नका, काच वर करा, वेग कमी करा, इंडिकेटर देऊन कडेला घ्या.

काचेला लावायचं घरगुती औषध म्हणजे भांड्याचं लिक्विड नाहीतर लहान मुलांचा शाम्पू, एक थेंब, जास्त नाही. काच हेल्मेटमधून काढून कोमट पाण्यानं धुवायची, वाळली की आतल्या बाजूनं तो थेंब बोटानं सगळीकडं पसरवायचा, वाळू द्यायचा, आणि मऊ कापडानं काच स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हातानं पुसायचं. पुसून काढलं तरी त्याचा अगदी पातळ थर राहतो, त्यामुळं पाणी थेंब धरून बसत नाही, पसरून जातं आणि आरपार दिसतं. एक-दोन दिवस टिकतं, परत लावायचं. कापडाचं मात्र नीट ऐका, ही काच खरं तर पॉलीकार्बोनेटची असते आणि तिला ओरखडे लवकर पडतात. टेरिकॉट नको, पेपर नको, आणि आपला सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी नवा कोरा नको. दहा-वीस वेळा धुतलेलं मलमल किंवा जुना सुती बनियन घ्या. बाहेरच्या बाजूला धूळ असताना कोरडं पुसायचंच नाही, आधी पाणी सोडायचं, मग हात लावायचा. पेट्रोल, थिनर लावू नका, काच खराब होते. टूथपेस्ट लावा असंपण लोक सांगतात, तिच्यात घासायची पावडर असते, वाफ राहील बाजूला, काचच घासली जाईल, आणि घासलेल्या काचेवर रात्री समोरचा लाईट फुटून चांदण्या दिसतात. तशी झाली असेल तर काच बदला, बऱ्याच कंपन्यांच्या नुसत्या काचा सुट्या मिळतात. काळी काच दिवसा ठीक, पण अंधार पडल्यावर ती लावून पुणे रोडला जाणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

रोज पहाटे किंवा रात्रपाळीला जाणाऱ्यांनी थोडे पैसे घालून पिनलॉक बसवावं. हे नेदरलँड्सच्या कंपनीचं आहे. काचेच्या आतून दुसरी एक पातळ पारदर्शक काच दोन बारीक खुंट्यांवर बसते, कडेनं सिलिकॉनची कड असते, दोन्हीच्या मध्ये हवा कोंडली जाते. त्यामुळं आतली काच बाहेरच्यासारखी गार होत नाही, शिवाय ती ओल स्वतःत ओढून घेते, म्हणून थेंब धरत नाहीत. पण त्याला काचेवर खुंट्यांची सोय असावी लागते, सगळ्या हेल्मेटला नसते, घेतानाच विचारा. आणि त्या आतल्या काचेला साबण-शाम्पू लावायचा नाही, नुसतं ओल्या मऊ कापडानं पुसायचं. चष्मा असणाऱ्यांनी, मीपण त्यातलाच, ट्रायल घेताना चष्मा बरोबर न्यावा, हेल्मेट घालून मग काड्या सरकवून बघाव्यात, कानशिलाला दाबत असेल तर तासाभरात डोकं धरतं. काच साफ आणि चष्मा पांढरा असंही होतं, त्याला परत तोच उपाय, नाकाचा तुकडा आणि हवा.

लहान मुलांचं थोडक्यात. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना त्याला हेल्मेट आणि बांधायचा पट्टा लागतो, वेग ४० च्या आत, असा नियम आहे. मोठ्याचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे त्याच्या कोवळ्या मानेवर वजन टाकणं, त्याच्या मापाचं आणा.

आता माझं मागणं, आणि त्यासाठीच खरं तर हे पत्र. आपल्याकडं संस्था, पतसंस्था, कंपन्या, मंडळं कार्यक्रम घेऊन हेल्मेट वाटतात, चांगलं काम आहे. पण सगळी हेल्मेट एकाच मापाची येतात, खोक्यातून काढायची, फोटो काढायचा, द्यायचं. संपादक साहेब, दुसरीतल्या पोराचा गणवेश शिवायला आम्ही शाळेत जाऊन एकेका मुलाला रांगेत उभं करून छाती, उंची, बाही लिहून घेतो, कंपनीच्या वॉचमनच्या पँटचं माप घेतो, आणि जी वस्तू त्याचा जीव वाचवणार तिचं माप कुणी घेत नाही. वाटपाच्या आठ दिवस आधी नावापुढं डोक्याचं माप लिहून घ्या आणि त्याप्रमाणे ऑर्डर द्या, एका माणसाला अर्धा मिनिट लागतो. दुकानदारांनी काउंटरवर टेप आणि आरसा ठेवावा, गिऱ्हाईकाला मागच्या काठाला धरून ओढून दाखवावं. आणि हे तुमच्या पेपरात एखाद्या दिवशी चित्र काढून छापा, टेप कुठून फिरवायचा ते, बोलण्यापेक्षा चित्रानं लवकर कळतं. ऊसाचा सीझन सुरू आहे तोवर ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर लावून घ्यायचं कारखान्यांनी मनावर घ्यावं हेपण त्याच्याबरोबर छापलं तर उपकार होतील.

पुतण्याला नवीन हेल्मेट घेतलंय, ५६ चं, चार दुकानं फिरून. पहिले पंधरा दिवस "काका, गाल लई आवळतंय ओ," म्हणायचा, आता म्हणत नाही. जुनं मी मधून कापून दुकानात खुंटीवर अडकवलंय, गिऱ्हाईक विचारतं हे काय, मग मी थर्माकोल दाखवून सांगतो. माझ्या दुकानाचं नाव छापू नका, जाहिरात वाटेल. पण कुठल्याही संस्थेला वाटपाच्या आधी मापं घेऊन हवी असतील तर पेपरमार्फत निरोप द्या, मी आणि माझे दोन कारागीर रविवारी टेप घेऊन येऊ, पैसे नकोत.

आपला नियमित वाचक,
एक कटिंग मास्टर,
अशोक चौक परिसर, सोलापूर